एक तक्रार, चार तिकिटं: रिप्लायच्या सब्जेक्टमध्ये नेमकं काय हरवतं

पतसंस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीचा पुण्यातला सपोर्ट डेस्क. तिकिटांसाठी, म्हणजे प्रत्येक तक्रारीच्या क्रमांक दिलेल्या नोंदीसाठी, रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे सगळे ज्याला नुसतं आरटी म्हणतात ती पर्ल या भाषेत लिहिलेली मुक्त-स्रोत प्रणाली. डेस्क, शाखा, वेळा आणि तिकीट क्रमांक नमुन्यादाखल घेतले आहेत. बिघाड मात्र तिन्ही अस्सल आहेत, आणि ज्यांच्याकडे आरटी चालते त्यांना ते चाचणीच्या सर्व्हरवर घडवून बघता येतील.

सोमवारी सकाळी १०:१२ ला एका शाखेतून मेल आला. सब्जेक्ट होता ‘पासबुक प्रिंट होताना शेवटची ओळ कापली जाते’. मजकूर नेहमीचा: ‘नमस्कार सर, शनिवारी अपडेट टाकल्यापासून प्रत्येक पानावरची शेवटची ओळ अर्धीच छापली जाते. खातेदार काउंटरवर भांडतात. प्रिंटरवाल्या सरांना आणि आमच्या अकाउंटंट साहेबांना सीसीत ठेवलं आहे. कृपया लवकर बघावे.’ आरटीने तिकीट काढलं, क्रमांक ४८२१३, आणि पोच पाठवली. पोचेचा सब्जेक्ट: ‘[मदत #४८२१३] पासबुक प्रिंट होताना शेवटची ओळ कापली जाते’. चौकटी कंसातला ‘मदत’ हा त्या क्यूचा, म्हणजे तिकिटांच्या त्या रांगेचा, सब्जेक्ट टॅग, डेस्कने हौसेने मराठीत ठेवलेला. (इथे सगळे अंक देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष टॅगमध्ये आरटी इंग्रजी अंकच घालते. पुढे या फरकावरून एक भानगड होणार आहे, म्हणून आत्ताच सांगितलेलं बरं.)

बुधवारी संध्याकाळी याच तक्रारीची चार तिकिटं उघडी होती. ४८२१३ हे मूळ. ४८२२६ प्रिंटरच्या सर्व्हिस इंजिनिअरच्या उत्तरातून निघालेलं. ४८२४० अकाउंटंटच्या उत्तरातून. ४८२५१ शाखा व्यवस्थापकांच्या नव्या मेलमधून. चार तिकिटं तीन वेगवेगळ्या एजंटांकडे गेली. दुखणं खरं इथे होतं: ड्रायव्हरमध्ये पानाची लांबी एका ओळीने कमी भरली आहे, हे इंजिनिअरने सोमवारी दुपारीच लिहून टाकलं होतं, पण ते ४८२२६ मध्ये पडून राहिलं. ४८२१३ वाली एजंट मंगळवारी शाखेकडे प्रिंटरचं मॉडेल आणि ड्रायव्हरची माहिती मागत बसली. शाखेला वाटलं, डेस्कवर कुणी मेल वाचतच नाही.

तपास सुरू करताना कोडला हात लावला नाही. आधी चारही मेलचा कच्चा मजकूर, हेडरसकट म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळींसकट, गोळा केला. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’. डेस्कटॉप आउटलुकमध्ये मेल स्वतंत्र खिडकीत उघडून फाइल, मग प्रॉपर्टीज, आणि तिथली ‘इंटरनेट हेडर्स’ ही चौकट. आरटीतही प्रत्येक नोंदीचे पूर्ण हेडर बघता येतात. प्रत्येक मेलमधून पाचच गोष्टी कागदावर उतरवल्या: पाठवणारा, मेसेज-आयडी (त्या मेलची स्वतःची ओळख), इन-रिप्लाय-टू (ज्या मेलला उत्तर दिलं त्याचा आयडी), रेफरन्सेस (संभाषणातल्या आधीच्या मेलचे आयडी), आणि सब्जेक्ट. सब्जेक्ट डीकोड न करता, जसा तारेवरून आला तसाच. स्क्रीनवर दिसणारा सब्जेक्ट बघून निदान करायला गेलं की हमखास फसायला होतं. ते पुढे दिसेलच.

आरटी येणाऱ्या मेलचं तिकीट कसं ओळखते, हे एकदा नीट समजून घेऊ. मूळ मांडणीत ती फक्त सब्जेक्ट बघते. उघडता चौकटी कंस, टॅगचं नाव, मग किमान एक मोकळी जागा, मग हॅशचं चिन्ह, अंक, आणि बंद कंस, असा साचा ती सब्जेक्टमध्ये कुठेही शोधते. लहान-मोठ्या लिपीचा भेद करत नाही. आधी साइटभरचं नाव किंवा त्याच्या जागी दिलेला रेजेक्स, म्हणजे मजकूर जुळवण्याचा साचा, लावून बघते, मग प्रत्येक क्यूचा टॅग. साचा सापडला तर त्या तिकिटात नोंद, नाहीतर नवं तिकीट. इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस ही हेडर जाणाऱ्या मेलमध्ये आरटी मन लावून भरते, पण येणाऱ्या मेलचं तिकीट ठरवताना त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हा निर्णय वाटतो तितका वेडेपणाचा नाही. सब्जेक्टमधला क्रमांक माणसाला दिसतो, फोनवर वाचून दाखवता येतो, आणि मेल फॉरवर्ड होऊन तिसऱ्याच माणसाकडे गेला तरी सोबत जातो. अडचण एवढीच की सब्जेक्ट ही ग्राहक, त्याचा मेल प्रोग्रॅम, मधले सर्व्हर अशी सगळ्यांनी हात फिरवायची जागा आहे.

४८२२६: क्रमांक पडण्याआधीचा मेल

इंजिनिअरच्या मेलचा सब्जेक्ट होता ‘एडब्ल्यू: पासबुक प्रिंट होताना शेवटची ओळ कापली जाते’. डेस्कवर पहिला संशय या एडब्ल्यूवर गेला. इंजिनिअर पुण्यातलेच, पण लॅपटॉप जर्मन मूळ कंपनीकडून आलेला आणि त्यावरचं ऑफिस जर्मन भाषेत. जर्मन आउटलुक रिप्लायला आरई ऐवजी एडब्ल्यू लावतं आणि फॉरवर्डला डब्ल्यूजी. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये एसव्ही, पोलिशमध्ये ओडीपी, फिनिशमध्ये व्हीएस. आरएफसी ५३२२ हे २००८ चं मानक म्हणतं की रिप्लायच्या सब्जेक्टपुढे ‘आरई:’ लावता येईल, आणि लावलं तर एकदाच. भाषांतराची सोय त्यात नाही. आउटलुकने ती आपल्या मनाने केली. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे इंटरनॅशनल ऑप्शन्समध्ये रिप्लाय-फॉरवर्डच्या हेडरसाठी इंग्रजी वापरण्याची एक टिक आहे, पण ती ग्राहकाच्या मशीनवर. आपल्या हातात नाही.

पण एडब्ल्यू निर्दोष होतं. आरटी टॅग सब्जेक्टमध्ये कुठेही शोधते, पुढे काय लावलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. खरी गोष्ट अशी की या सब्जेक्टमध्ये टॅग नव्हताच, आणि असण्याचं कारणही नव्हतं. इंजिनिअरने रिप्लाय ऑल केलं ते शाखेच्या मूळ मेलला, जो त्याला थेट शाखेकडून सीसीत मिळाला होता. आरटीची पोच गेली फक्त तक्रारदाराला. इंजिनिअरने ४८२१३ हा आकडा कधी पाहिलाच नव्हता.

दुहेरी तिकिटं निघण्याचं हे सर्वांत घाऊक कारण आहे आणि सब्जेक्टची कितीही डागडुजी केली तरी ते जात नाही. इथे हेडरच कामाला येतं. इंजिनिअरच्या मेलमधल्या इन-रिप्लाय-टूमध्ये शाखेच्या मूळ मेलचा मेसेज-आयडी जसाच्या तसा होता. आणि तो मूळ मेल आरटीकडेही आलेला असल्याने तोच आयडी तिच्या डेटाबेसमधल्या अटॅचमेंट्स टेबलच्या मेसेज-आयडीच्या स्तंभात पडलेला होता. दोन्ही टोकं डेस्कच्या हातात होती, गाठ कुणी मारली नव्हती.

४८२४०: गेलेली एक मोकळी जागा

अकाउंटंट साहेबांनी शाखेला आलेली पोच वाचून संस्थेच्या जुन्या वेबमेलमधून उत्तर दिलं. टॅग होता. आरटीच्या पडद्यावर सब्जेक्ट असा दिसत होता: ‘आरई:[मदत#४८२१३]पासबुकप्रिंटहोतानाशेवटचीओळकापलीजाते’. एकही मोकळी जागा नाही. वरच्या साच्यात टॅगचं नाव आणि हॅश यांच्यामध्ये किमान एक जागा लागते, ती नाही, म्हणून साचा बसला नाही आणि नवं तिकीट निघालं. त्या नव्या तिकिटाची पोच गेली ‘[मदत #४८२४०] आरई:[मदत#४८२१३]पासबुक…’ अशी, एका सब्जेक्टमध्ये दोन क्रमांक घेऊन. पुढचे रिप्लाय मग डावीकडच्या, म्हणजे चुकीच्या क्रमांकाला चिकटत गेले.

जागा कुठे गेल्या ते कच्च्या हेडरमध्ये दिसतं. मेलच्या हेडरमध्ये देवनागरी सहसा सरळ जात नाही. १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे ती सांकेतिक शब्दांत गुंडाळून जाते: सुरुवातीला बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) हे नाव, बी म्हणजे बेस-६४ (बाइट साध्या रोमन खुणांत लिहिण्याची पद्धत), मग सांकेतिक मजकूर, आणि शेवटी पुन्हा प्रश्नचिन्ह आणि बरोबर. या मानकात एक कलम आहे जे प्रोग्रॅम लिहिणारे वारंवार विसरतात: दोन सांकेतिक शब्द शेजारी आले तर त्यांच्यामधली मोकळी जागा वाचणाऱ्याने टाकून द्यायची. लांब मजकूर तुकड्यांत मोडता यावा म्हणून ती सोय. अकाउंटंटच्या वेबमेलने प्रत्येक शब्द स्वतंत्र गुंडाळला आणि मध्ये साध्या जागा सोडल्या. आरटीने नियमाप्रमाणे त्या टाकल्या. वाचणारा बरोबर होता, लिहिणारा चुकला. जागा टिकवायची तर ती एखाद्या सांकेतिक शब्दाच्या पोटातच घालावी लागते. अनेक मेल प्रोग्रॅम दोन्ही बाजू चालवून घेतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

मराठी सब्जेक्टला असा धोका इंग्रजीपेक्षा किती जास्त, हे हिशेब करून बघण्यासारखं आहे. सांकेतिक शब्द असलेली हेडरची ओळ ७६ खुणांपेक्षा लांब असू नये. ‘सब्जेक्ट: आरई: ’ एवढ्याला इंग्रजीत १३ खुणा जातात. उरल्या ६३. गुंडाळणीच्या चिन्हांना १२. उरल्या ५१. बेस-६४ चारचारच्या गटात चालतं, दर चार खुणांत ३ बाइट, म्हणून ४८, आणि त्यात मावतात ३६ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘[मदत #४८२१३] ’ हा टॅग इंग्रजी अंकांसह, शेवटच्या जागेसकट १९ बाइट. उरलेल्या १७ मध्ये ‘पासबु’ची पाच चिन्हं, १५ बाइट. मग २ बाइट उरतात आणि ‘क’ला ३ लागतात. शहाणा प्रोग्रॅम ३४ बाइटवर थांबून ‘क’ पुढच्या ओळीवर नेतो. आडमुठा प्रोग्रॅम ३६ बाइट मोजून कापतो, ‘क’चे दोन तृतीयांश इकडे आणि एक तृतीयांश तिकडे. मग पडद्यावर ‘पासबु’नंतर काळ्या चौकोनातली प्रश्नचिन्हं उमटतात. मानकात अक्षराचे असे तुकडे करायला स्पष्ट मनाई आहे, तरी ते होतात. टॅग सब्जेक्टच्या उजव्या टोकाला असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात सापडतो आणि त्याचंच असं भरीत होतं. आरटी टॅग डावीकडे लावते, हे त्यातल्या त्यात बरं.

बेस-६४ ऐवजी क्यू-पद्धतीची (हा क्यू म्हणजे इंग्रजी अक्षर, तिकिटांची रांग नव्हे) गुंडाळणी आली तर आणखी पंचाईत. तिथे देवनागरीच्या एका चिन्हाला ९ खुणा लागतात, म्हणजे ७५ खुणांच्या एका सांकेतिक शब्दात जेमतेम ७ चिन्हं.

डेस्कच्या पदरात टाकायची चूक एकच: टॅग देवनागरीत होता. बहुतेक प्रोग्रॅम निव्वळ रोमन शब्द गुंडाळत नाहीत, तसेच सोडतात. टॅगचं नाव रोमनमध्ये असतं तर बहुतेकदा तो नाव-हॅश-अंक हा तुकडा या सगळ्यातून अंगाला डाग न लागता पार पडला असता. ग्राहकाशी मराठीत बोला, सब्जेक्ट मराठीत ठेवा, पण यंत्राने ओळखायची खूण रोमनमध्ये असू द्या.

४८२५१: हाताने लिहिलेला क्रमांक

शाखा व्यवस्थापकांनी बुधवारी वैतागून नवा मेल लिहिला. सब्जेक्ट: ‘तिकीट क्र. ४८२१३ बाबत, तिसरी आठवण’. रिप्लाय नव्हता, त्यामुळे इन-रिप्लाय-टू नाही, रेफरन्सेस नाही. कंस आणि हॅश नाहीत. आणि अंक खरोखरच देवनागरी, फोनच्या मराठी कीबोर्डवरून आलेले.

‘क्र.’ पुढचे अंक पकडणारा नियम लिहू, असं डेस्कवर कुणीतरी सुचवलं. इथे एक खड्डा आहे. पर्लमध्ये अंकासाठीचं नेहमीचं चिन्ह, बॅकस्लॅश-डी, युनिकोड मजकुरात देवनागरी अंकांनाही जुळतं. म्हणजे साचा बसतो. पण त्याच मजकुराची पर्लने संख्या केली की उत्तर शून्य येतं. साचा म्हणतो सापडलं, हिशेब म्हणतो तिकीट क्रमांक शून्य. पायथन ३ मध्ये याच गोष्टी केल्या तर साचाही बसतो आणि संख्याही बरोबर ४८२१३ होते. जावास्क्रिप्टमध्ये साचाच बसत नाही. एकाच मेलवर तीन भाषांची तीन उत्तरं. म्हणून साचा लावण्याआधी दहा देवनागरी अंकांच्या जागी दहा इंग्रजी अंक घालायचे, आणि साच्यातही बॅकस्लॅश-डी ऐवजी शून्य ते नऊ अशी स्पष्ट कक्षा द्यायची.

तरीही असा उचललेला क्रमांक थेट तिकिटाला जोडू नये असंच ठरलं, आणि ते योग्य वाटतं. पतसंस्थेच्या मेलमध्ये पाच अंकी आकडे काय कमी असतात? खाते क्रमांक, पावती क्रमांक, रक्कम. नवं तिकीट निघू द्यायचं आणि त्यात एजंटला दिसेल अशी एक ओळ टाकायची: ‘बहुधा ४८२१३ बद्दल’. बाकी माणसाने ठरवावं.

दुरुस्ती

पहिलं काम टॅगचं. क्यूचा टॅग ‘मदत’ काढून चार रोमन अक्षरांचा छोटा टॅग दिला. हे करताना एक गोष्ट विसरली की दुहेरी तिकिटांचा नवा पूर येतो: क्यूचा टॅग बदलला की जुना टॅग आरटीच्या स्मरणात राहत नाही. ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये ‘[मदत #…]’चे ढीग पडलेले, त्यांचे रिप्लाय महिनोन्‌महिने येत राहणार. म्हणून साइटकॉन्फिग फाइलमध्ये ईमेल-सब्जेक्ट-टॅग-रेजेक्स ही सेटिंग भरली आणि तिच्यात तिन्ही नावं घातली: साइटचं मूळ नाव, जुना ‘मदत’, आणि नवा टॅग. साइटचं मूळ नाव यात वेगळं लिहावं लागतं, कारण ही सेटिंग भरली की आरटी ते आपणहून बघायचं सोडते. रेजेक्समध्ये नावांच्या गटासाठी साधे, म्हणजे जुळलेला मजकूर पकडून ठेवणारे कंस न वापरता न पकडणारे वापरावेत. आरटी शेवटचा पकडलेला भागच घेते, त्यामुळे साध्या कंसांनीही निभावतं, पण ती मेहेरबानी गृहीत धरू नये.

दुसरं काम सब्जेक्ट साफ करण्याचं आणि तिसरं हेडर जुळवण्याचं. दोन्हीसाठी आरटीत एकच जागा आहे: येणाऱ्या मेलमधून तिकीट क्रमांक काढणारं एक्स्ट्रॅक्ट-टिकेट-आयडी हे फंक्शन. स्थानिक फेरफारासाठी हीच जागा वापरा, असं आरटीच्याच कोडमधली टीप सांगते. मूळ फाइल न बदलता लोकल ओव्हरलेमध्ये, म्हणजे स्थानिक बदलांच्या वेगळ्या फाइलमध्ये, ते पुन्हा लिहिलं. त्यातला क्रम असा:

१. सब्जेक्ट डीकोड करून घ्यायचा. शून्य रुंदीची (असून न दिसणारी) चिन्हं काढायची, सलग जागांची एक जागा करायची, देवनागरी अंक इंग्रजी करायचे, आणि टॅगचं नाव व हॅश यांच्यात जागा नसेल तर घालायची. ४८२४० एवढ्यानेच वाचलं असतं.

२. आरटीचा नेहमीचा साचा लावायचा. दोन टॅग सापडले तर दोन्ही क्रमांक लिहून ठेवायचे आणि जो क्रमांक हेडरशीही जुळेल तो घ्यायचा.

३. टॅग नसेल तर इन-रिप्लाय-टू, मग रेफरन्सेस उजवीकडून डावीकडे. रेफरन्सेसमध्ये जुने आयडी आधी आणि सर्वांत जवळचा शेवटी असतो, म्हणून उलटं वाचायचं.

हेडर वाचताना आरटीने आधीच पेरून ठेवलेल्या दोन खुणा फार उपयोगी पडतात. आरटी स्वतः पाठवते त्या मेलच्या मेसेज-आयडीत तिकिटाचा क्रमांक असतोच: आवृत्ती, प्रोसेस, वेळ, एक यादृच्छिक आकडा, मग टिंब, आणि टिंबानंतर तिकीट क्रमांक. सब्जेक्टचा चुराडा झाला तरी रिप्लायच्या इन-रिप्लाय-टूमध्ये तो आकडा शाबूत येतो. दुसरी खूण म्हणजे रेफरन्सेसमध्ये घातलेला ‘आरटी-टिकेट-४८२१३’ छापाचा कृत्रिम आयडी. पहिली खूण असताना दुसरी कशाला? कारण काही मेल पाठवणाऱ्या सेवा मेसेज-आयडी बदलून आपला घालतात. अ‍ॅमेझॉनची एसईएस तसं करते. मग ग्राहकाच्या इन-रिप्लाय-टूमध्ये एसईएसचा आयडी येतो, जो आरटीने कधी पाहिलेला नसतो. पण ग्राहकाचा प्रोग्रॅम आपल्या मेलचं रेफरन्सेस पुढे नेतो, आणि त्यात तो कृत्रिम आयडी टिकून असतो.

या दोन खुणांपैकी काहीच नसेल, जसं ४८२२६ मध्ये, तर मग अटॅचमेंट्स टेबलात शोध. आरटी तिथे मेसेज-आयडी टोकदार कंस काढून साठवते. कंसासकट शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि नियम चालत का नाही म्हणून दिवस वाया जातो. या स्तंभावर इंडेक्स आहे ना तेही आधी बघावं. नसेल तर प्रत्येक मेलमागे सगळं टेबल चाळलं जाईल.

सब्जेक्ट आणि हेडर यांचं भांडण झालं तर

खरा विचार करायला लावणारी जागा ही. हेडर जुळलं म्हणून डोळे मिटून जोडायचं असं केलं तर उलटा त्रास सुरू होतो. शाखेतला माणूस डेस्कचा पत्ता शोधायला जुना मेल उघडतो, रिप्लाय दाबतो, सब्जेक्ट पुसून ‘मुदत ठेवीचं व्याज चुकतंय’ लिहितो आणि पाठवतो. हेडर म्हणतं ४८२१३, माणूस म्हणतो काहीतरी वेगळंच. इथे माणसाचं ऐकायचं. जीमेलही हेच करतं: सब्जेक्ट बदलला की संभाषण तोडून नवं सुरू करतं, आणि जीमेलच्या एपीआयने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून, एखादा मेल जुन्या थ्रेडमध्ये (संभाषणात) घालायचा तर रेफरन्सेस आणि इन-रिप्लाय-टू बरोबर असून भागत नाही, सब्जेक्टही जुळावा लागतो.

म्हणून नियम असा केला. टॅग पूर्ण आणि एकच असेल तर तो अंतिम, हेडर काहीही म्हणो. कुणीतरी तो मुद्दाम ठेवला किंवा लिहिला आहे. टॅग नसेल आणि हेडर जुळत असेल तर नव्या मेलचा आणि तिकिटाचा असे दोन्ही सब्जेक्ट सोलून, म्हणजे पुढचे आरईसारखे उपसर्ग काढून, तुलना करायची. तेच निघाले तर त्याच तिकिटात, वेगळे निघाले तर नवं तिकीट आणि जुन्याकडे ‘संदर्भ’ अशी लिंक.

सोलण्याची यादी आपल्या ग्राहकांवरून ठरवावी. इथे आरई, एफडब्ल्यू, एफडब्ल्यूडी, एडब्ल्यू आणि डब्ल्यूजी एवढी पुरली. दि बॅटसारखे प्रोग्रॅम ‘आरई[२]:’ असा आकडा घालतात, तोही धरला. एका फेरीत थांबायचं नाही. ‘एडब्ल्यू: आरई: एडब्ल्यू:’ अशा माळा असतात, म्हणून काही निघेनासं होईपर्यंत सोलत राहायचं. जगातल्या सगळ्या भाषांची यादी नेटवरून उचलून टाकण्याचा मोह टाळावा. इटालियनचं एकाक्षरी ‘आर:’ तुमच्याकडे कधीच येणार नसेल तर ते यादीत असून फक्त नुकसानच आहे.

हे नुकसान कसं होतं ते आउटलुकमध्ये बघायला मिळतं. त्याच्या पायात असलेल्या मापी या मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रणालीच्या नियमाप्रमाणे, सब्जेक्टच्या सुरुवातीची एक ते तीन अक्षरं आणि त्यापुढे विसर्गचिन्ह व जागा असं काहीही उपसर्ग मानलं जातं. मग रोमनमध्ये लिहिलेलं ‘टीडीएस: परतावा’ किंवा ‘जीएसटी: परतावा’ यांचं उरतं फक्त ‘परतावा’. दोन वेगळ्या तक्रारी एका संभाषणात गोळा होतात, आणि रिप्लायमध्ये टीडीएस गळून त्या जागी आरई येऊ शकतं. तिकिटाची खूण ‘टीकेटी: ४८२१३’ अशी ठेवायची कल्पना कुणाला सुचली तर याच कारणाने ती नको. उलट बाजूने, आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेले मेल वाचण्याच्या पद्धतीत, थ्रेड लावण्याचं आरएफसी ५२५६ हे मानक तुलनेआधी सब्जेक्टच्या सुरुवातीचा चौकटी कंसातला मजकूरच काढून टाकतं. त्यामुळे निव्वळ सब्जेक्टवरून थ्रेड लावणाऱ्या एजंटच्या प्रोग्रॅममध्ये ‘पासबुक प्रिंट होत नाही’ अशी दोन वेगळ्या संस्थांची तिकिटं एका गठ्ठ्यात दिसू शकतात. एजंटने आपल्या इनबॉक्समधून तिकीट न ओळखता आरटीच्या पानावरूनच उत्तर द्यावं, या आग्रहाचं हे एक कारण.

आणखी एक अट घातली. मेल पाठवणारा त्या तिकिटाचा तक्रारदार, सीसी किंवा मूळ मेलच्या पत्त्यांमधला कुणी नसेल, तर आपोआप जोडणी नाही, एजंटच्या तपासणीला. तिकीट क्रमांक ओळीने वाढतात. ४८२१३ माहीत असलेल्याला ४८२१४ चा अंदाज बांधायला अक्कल लागत नाही, आणि मेलवरून चालणाऱ्या डेस्कवर उत्तर द्यायची परवानगी सहसा सगळ्यांना दिलेली असते.

सुट्टीवरच्या माणसाची आपोआप उत्तरं वेगळी काढली. आरएफसी ३८३४ प्रमाणे त्यांत ऑटो-सबमिटेड हे हेडर असायला हवं. ते असेल तर मेल तिकिटात नोंदवायचा पण बंद तिकीट उघडायचं नाही. जर्मन आउटलुकच्या ‘आउटोमाटिशं आंटवोर्ट’ (आपोआप उत्तर) या उपसर्गावरून ओळखण्याचा प्रयत्न केला नाही. हेडर असताना सब्जेक्ट वाचत बसू नये.

आरटीऐवजी झ्नुनी किंवा जुनं ओटीआरएस या तिकीट प्रणाली वापरणाऱ्यांना यातलं बरंचसं तयार मिळतं. तिथे सब्जेक्ट, रेफरन्सेस, मजकूर, अटॅचमेंट आणि कच्चा मेल अशी तपासणीची वेगवेगळी मॉड्यूल क्रमाने लावलेली असतात. टॅग डावीकडे, उजवीकडे की अजिबात नको, हेही ठरवता येतं. ‘अजिबात नको’ निवडलं तर रेफरन्सेसचं मॉड्यूल चालू आहे ना, हे बघायला तिथली सेटिंगच बजावते. तरी तो पर्याय घेऊ नये. फॉरवर्ड करताना काही प्रोग्रॅम जुने आयडी पुढे नेतात, काही टाकून देतात, आणि मग सब्जेक्टमधला क्रमांक हाच एक माग उरतो.

चाचणी आणि आवराआवर

चाचणीसाठी कुणाला मेल पाठवायला लावले नाहीत. चारही मेलचा कच्चा मजकूर फाइलमध्ये होताच. आरटी-मेलगेट हा प्रोग्रॅम मेल स्टँडर्ड इनपुटवरून घेतो, त्यामुळे त्या फाइली एकेक करून चाचणीच्या सर्व्हरवरच्या मेलगेटला खिलवल्या. त्याआधी तिथली मेल-कमांड ‘एमबॉक्स’वर ठेवली, म्हणजे जाणारे मेल फाइलमध्ये पडतात, खऱ्या ग्राहकाला जात नाहीत. अपेक्षा अशी: पहिल्या फाइलने तिकीट निघावं, दुसरी आणि तिसरी त्यातच जावी, चौथीने सूचनेसह नवं तिकीट निघावं. क्रमांक चाचणीत वेगळे पडतात, म्हणून तिसऱ्या फाइलमधला क्रमांक बदलून पुन्हा बेस-६४ करावा लागतो. याखेरीज तीन बनावट मेल: सब्जेक्ट पूर्ण बदललेला रिप्लाय, दोन टॅग असलेला, आणि अनोळखी पत्त्यावरून आलेला बरोबर टॅगचा.

एक प्रसंग यातही सुटतो. मूळ मेल डेस्कच्या सर्व्हरवर ग्रेलिस्टिंगमुळे (अनोळखी मेल आधी तात्पुरता परतवण्याची पद्धत) अडकला आणि इंजिनिअरचा रिप्लाय ऑल आधी पोहोचला, तर शोधायला मूळ आयडी टेबलात नसतोच. मग आधी आलेल्या रिप्लायचं तिकीट निघतं आणि मूळ मेलचं दुसरं. त्यासाठी उलटी तपासणी, म्हणजे नव्या मेलच्या आयडीकडे बोट दाखवणारं एखादं ताजं तिकीट आहे का, अशी लिहिता येईल. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी तेवढा खटाटोप डेस्कने केला नाही. ती दोन तिकिटं एजंटने हाताने एकत्र करायची.

एकत्र करताना दिशा महत्त्वाची. नवी तिकिटं जुन्यात, म्हणजे ४८२२६, ४८२४० आणि ४८२५१ ही ४८२१३ मध्ये. एकत्र केलेल्या तिकिटाचा जुना क्रमांक आरटी विसरत नाही, त्यामुळे ‘[मदत #४८२४०]’ घेऊन येणारा उशिरा रिप्लायही ४८२१३ मध्येच जातो. मात्र आरटीच्या पडद्यावरून हे एकत्रीकरण उलटवता येत नाही. म्हणून मर्जच्या चौकटीत क्रमांक टाकण्याआधी दोन्ही तिकिटांचे तक्रारदार शेजारी ठेवून बघायचे, आणि मग ४८२१३ मधून एकच उत्तर सगळ्यांना, इंजिनिअरला सीसीत घालून. त्या मेलबरोबर नव्या टॅगचा क्रमांक पहिल्यांदाच त्याच्या इनबॉक्समध्ये पोहोचतो.